पान मराठी, नोंद इंग्रजी: या चुका टाळा

मराठी संकेतस्थळ उघडा, कंट्रोल-यू दाबा आणि सोर्समधला एचटीएमएल टॅग बघा. पुष्कळदा तिथे पानाची भाषा सांगणाऱ्या ‘लँग’समोर ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, असतं. थीम, म्हणजे संकेतस्थळाचा तयार साचा, तशीच येते आणि कुणी तिकडे फिरकत नाही. मग स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, इंग्रजी आवाजात मराठी वाचू पाहतो आणि ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. तिथे ‘एमआर’, म्हणजे मराठी, हवं.

लिपी एकच म्हणून ‘एचआय’, म्हणजे हिंदी, टाकणारेही आहेत. काही देवनागरी फॉन्ट ‘एमआर’ हा कोड पाहूनच पाकळीचा ल आणि देठाचा श देतात. हिंदी सांगितलंत, तर अक्षरंही हिंदी वळणाची येतील. मग दोष फॉन्टच्या माथी!

‘एमएच’, ‘एमए’ हे मनाचे कोड नकोत. ‘एमआर-आयएन’ चालतं, पण मधे हायफनच. अंडरस्कोअर ओपन ग्राफच्या (समाजमाध्यमांवर दुवा कसा दिसावा हे सांगणाऱ्या टॅगच्या) लोकेलमध्ये, म्हणजे भाषेच्या नोंदीत, ठीक, इथे नाही. इंग्रजी आवृत्तीला ‘ईएन-एमआर’ लिहिलंत, तर अर्थ होतो मॉरिटानियातल्या वाचकांसाठी इंग्रजी, कारण देशांच्या यादीत ‘एमआर’ म्हणजे मॉरिटानिया.

लँग सुधारलं तरी गूगलवर फरक पडला नाही, ही तक्रार नेहमीची. पडणारच नाही. गूगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं, लँगकडे बघत नाही. मेनू, तळटीप, बटणं सगळं इंग्रजी आणि मधे मराठीच्या चार ओळी असतील, तर आधी ते बदला. दोन्ही भाषांतल्या पानांची जोडी सांगायला ‘एचरेफलँग’ आहे. त्यात पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण द्यावा लागतो आणि नोंद दोन्ही बाजूंनी लागते. मराठी पान इंग्रजीकडे बोट दाखवतं, पण इंग्रजी पान उलट दाखवत नाही, अशी जोडी गूगल दुर्लक्षित करू शकतं.

त्याहून घातक चूक कॅनॉनिकलची, म्हणजे मूळ पान कोणतं हे शोधयंत्राला सांगणाऱ्या नोंदीची. मराठी पानाचा कॅनॉनिकल इंग्रजी पानाकडे वळवला, की मराठी पान ही नक्कल आहे असं आपणच सांगितल्यासारखं होतं. मग ते शोधात न दिसल्याबद्दल गूगलला बोल लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक भाषेच्या पानाचा कॅनॉनिकल त्याच पानाकडे ठेवा.

एकाच पत्त्यावर कुकी किंवा ब्राउझरची पसंती पाहून भाषा बदलणंही टाळा. गूगलसाठी पानं वाचत फिरणारा गूगलबॉट भाषेची पसंती कळवत नाही, त्यामुळे त्याला बहुधा इंग्रजीच मिळतं. मराठीला स्वतंत्र पत्ता द्या आणि वर ‘मराठी’ असा साधा दुवा ठेवा.