आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाला इलेक्ट्रिक मोटर की ग्लो इंजिन, कसं ठरवायचं

"जास्त ताकद कशात?" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा, हल्ली दोन्हीकडे हवी तेवढी ताकद मिळते. खरं ठरवायचंय ते हे की तुम्हाला वेळ कुठे घालवायला आवडेल, घरी चार्जरजवळ की मैदानावर इंजिनाशी खटपट करत.

सुरुवात वजनापासून करा. विमानाचं बॅटरीसकट वजन काढा आणि ट्रेनरला (शिकायच्या विमानाला) किलोमागे साधारण 150 ते 200 वॉट धरा, लूप-रोल मारायचे असतील तर 220 च्या वर, थ्रीडीला (जागेवर तरंगण्यासारख्या कसरतींना) 330 आणि पुढे. म्हणजे अडीच किलोच्या ट्रेनरला 500 वॉट भरपूर झाले. 4 सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लोडखाली 14 व्होल्टच्या आसपास देते, मग करंट झाला 35 अँपिअर, तर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) 50-60 चा घ्या, अगदी काठावरचा नको. मोटरवरचा केव्ही आकडा म्हणजे लोड नसताना एका व्होल्टला किती आरपीएम, कमी केव्हीची मोटर मोठा प्रॉप (प्रोपेलर) फिरवते, बस एवढंच. प्रॉप बदलला की वॉटमीटर लावून करंट बघायचाच, नुसत्या अंदाजावर ईएससी जळतात. आणि उडायची वेळ? 4000 एमएएच क्षमतेच्या पॅकमधलं 80 टक्केच वापरायचं, सरासरी 20 अँपिअर धरले तर साडेनऊ मिनिटं मिळतात.

याच विमानाला ग्लोमध्ये .40 ते .46 क्युबिक इंचाचं इंजिन लागतं, म्हणजे साधारण साडेसहा ते साडेसात सीसी. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात ऑइल 15-20 टक्के आणि थोडं नायट्रोमिथेन. प्लगची प्लॅटिनमची तार सुरुवातीला दीड व्होल्टवर तापवायची, एकदा इंजिन धरलं की मिथेनॉलमुळे ती स्वतःच लाल राहते, इग्नायटर काढून घ्यायचा. लँड केल्यावर टाकी भरली की लगेच पुन्हा वर, चार्जिंगची वाट बघायची भानगड नाही, इथे ग्लो सरळ जिंकतं.

पण निडल, म्हणजे इंजिनात जाणारं इंधन कमीजास्त करणारा स्क्रू! नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. ब्रेक-इन (नवं इंजिन रुळवणं) मॅन्युअलप्रमाणे उरकून घ्या, नंतर फुल थ्रॉटलवर, प्रॉपच्या मागे उभं राहून, निडल हळूहळू आत फिरवत आवाज सगळ्यात चढेल तिथे आणा आणि मग दोन-तीनशे आरपीएम उतरतील इतकी परत बाहेर. आता विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करा, आवाज किंचित चढला तर सेटिंग बरोबर, बसायला लागला तर लीन आहे, म्हणजे इंधन कमी पडतंय, टेकऑफ करू नका. ऑइल इंधनातूनच येतं ना, त्यामुळे इंधन कमी पडलं की वंगणही कमी पडतं आणि इंजिन आतून खरवडतं. दिवस संपला की उरलेलं इंधन जाळून टाका आणि आफ्टर-रन ऑइलचे थेंब सोडा, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतात. शिवाय विंगवर बसलेलं चिकट तेल पुसायचं काम आहेच, काहींना त्याचा वासही आवडतो म्हणे.

इलेक्ट्रिकवाल्यांनी मात्र निर्धास्त होऊ नये. लिपो 1सी ला (म्हणजे 4000 एमएएचला 4 अँपिअर) चार्ज करा, चार्ज होत असताना सोडून जाऊ नका, ठेवून द्यायची असेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर, फुगलेला पॅक वापरायचा नाही म्हणजे नाही. ग्लोच्या प्रॉपमध्ये काही अडकलं तर इंजिन बंद पडतं, मोटर मात्र जोर लावतच राहते, म्हणून टेबलवर काम करताना प्रॉप काढूनच ठेवा.

माझं मत विचाराल तर उडवायला शिकायचं असेल तर इलेक्ट्रिक, एका वेळी एकच गोष्ट शिका. यंत्रांची खाज असेल, सोबत निडल जुळवून देणारा कोणी अनुभवी असेल, तर ग्लो घ्या.

जुन्या ग्लो विमानात मोटर बसवत असाल तर बॅटरी पुढेमागे सरकवून सीजी (विमानाचा तोल साधतो तो बिंदू) आधी जुळवा, टाकीसारखी ती उडताना हलकी होत नाही त्यामुळे सीजी नंतर सरकत नाही हा एक फायदा. काउलिंगमधून (नाकावरच्या झाकणातून) हवा बाहेर जायचं भोक आत यायच्या भोकापेक्षा मोठं ठेवा. आणि इलेक्ट्रिकसाठीचे पातळ प्रॉप ग्लो इंजिनावर कधीच लावू नका, झटक्यांनी तुटतात.