महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जायचंय? आदल्या दिवशी एवढं करून ठेवा

सगळ्यात आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. धारावी डेपोसमोरचं हे ३७ एकरांचं रान मिठी नदीच्या काठावर आहे आणि इथली मिठी भरती-ओहोटीची. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि खाणं टिपायला ढोकरी, बगळे, थंडीत तुतवारही उतरतात. मुंबईच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, त्यात सव्वासहा तास मिळवा, म्हणजे सकाळी दहाला ओहोटी. पाणी खाडीतून आत-बाहेर व्हायला वेळ लागतो, तेव्हा थोडं पुढेमागे धरा. असा दिवस सुट्टीला जुळून आला तर दुसरं काही ठरवूच नका. उघडण्याची वेळ आणि तिकीट मात्र फोन करून विचारून घ्या.

कपडे खाकी, मेंदी किंवा मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. डास भरपूर आहेत, म्हणून ओडोमॉस घरूनच लावून निघा. अत्तर नको. पाऊलवाटांवर पालापाचोळा असतो, पावसाळ्यात तो निसरडा होतो. चपला घरी ठेवा, पकड असलेले बूट घाला.

पिशवीत पाण्याची स्टीलची बाटली, दुर्बीण, छोटी वही आणि भिंग. भिंग विसरू नका, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड दिसलं की पानं हळूच निरखा. त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसेल, ते भिंगाखाली धरलं की हलतं, कारण ती फुलपाखराची कोवळी अळी असते. मोठी झाली की तीच हिरवीगार होते. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. पान तोडायचं नाही, फांदी वाकवायची नाही, आपणच वाकायचं. फुलपाखरांसाठी पावसाळा सरतानाचे दिवस उत्तम, आणि ऊन अंगावर येईपर्यंत ती उडत नाहीत, तेव्हा उजाडता उजाडता पोचण्याची घाई नको.

खाऊ डब्यात न्या, वेफर्सची पाकिटं नकोत. हे मी आग्रहाने सांगते, कारण पायाखाली काय आहे ते ठाऊक आहे. १९७०च्या दशकापर्यंत इथे शहराचा कचरा टाकत. त्या ढिगाऱ्यावर माती पसरून झाडं लावली, वाढवली आणि १९९४मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे वड-उंबरांवर तांबट टुकटुकतो आणि काठाला तिवरं उभी आहेत. मुलांना हे गेटात शिरण्यापूर्वीच सांगा, म्हणजे ती जमिनीकडेही बघतील.

मोबाइल सायलेंटवर ठेवा आणि त्यावर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत नर घरट्याचं काम सोडून त्या खोट्या आवाजामागे धावतो.

सायनला पश्चिमेला उतरून बसने धारावी डेपो गाठता येतो. दोन तास हाताशी ठेवा, त्यातला निम्मा वेळ मिठीकडच्या बाजूला एका जागी उभं राहण्यासाठी.