कॉन्डो की टाऊनहाऊस : न्यू जर्सीत पहिले घर घेताना काय तपासावे

न्यू जर्सीत एडिसन, प्लेन्सबरो किंवा जर्सी सिटीच्या आसपास पहिले घर शोधू लागलेल्या मराठी कुटुंबाला एजंट बहुधा पहिल्याच भेटीत विचारतो की, कॉन्डो पाहायचे की टाऊनहाऊस. हे दोन पर्याय एकमेकांविरुद्ध ठेवता येतील असे नाहीत, कारण टाऊनहाऊस म्हणजे घराची बांधणी आणि कॉन्डो म्हणजे मालकीची कायदेशीर व्यवस्था. भिंतीला भिंत लागून असलेले, स्वतःचे दार आणि आत जिना असलेले दुमजली किंवा तिमजली घर टाऊनहाऊस असते आणि तेच घर कायद्याने कॉन्डो असू शकते. म्हणून घर पाहायला जाण्याआधी त्याची मालकी कोणत्या प्रकारची आहे, हे विचारून घ्यावे. रंग, फरशी आणि स्वयंपाकघर त्यानंतर पाहिले तरी चालते.

न्यू जर्सीत कॉन्डोची मालकी १९६९ च्या कॉन्डोमिनियम कायद्यानुसार ठरते. आपल्या नावावर होते ती घराच्या आतली जागा. जमीन, छप्पर, बाहेरच्या भिंती, जिने आणि वाहनतळ यांत आपला ठरावीक टक्क्यांचा अविभाज्य वाटा असतो आणि तो मास्टर डीड या मूळ दस्तात लिहिलेला असतो. बाल्कनी किंवा नेमून दिलेली पार्किंगची जागा वापरायला आपल्या एकट्याची असली, तरी बहुतेक ठिकाणी मालकी सामाईकच असते. त्यामुळे बाल्कनीचे कठडे बदलायचे म्हटले, तरी असोसिएशनची, म्हणजे सर्व घरमालकांच्या संघटनेची, लेखी परवानगी लागते. पुण्यामुंबईच्या सोसायटीत राहिलेल्यांना हे फारसे नवे वाटणार नाही.

स्वतंत्र मालकीच्या टाऊनहाऊसमध्ये मात्र घराखालची जमीन, छप्पर, पुढचे अंगण आणि मागचा डेक सगळे आपल्या नावावर येते. शेजाऱ्याशी सामाईक राहते ती फक्त मधली भिंत. वसाहतीतले रस्ते, तलाव आणि क्लबहाऊस एचओएकडे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेकडे, असतात आणि त्यांच्यासाठी दरमहा वर्गणी द्यावी लागते. छप्पर गळू लागले की खर्च आपलाच. काही वसाहतींत घर आपले असूनही छपराची देखभाल एचओए करते. ते तिथल्या नियमावलीत वाचल्याशिवाय गृहीत धरू नये.

मालकी ओळखायची एक साधी खूण मालमत्ता कराच्या नोंदीत सापडते. न्यू जर्सीत प्रत्येक मालमत्तेला ब्लॉक आणि लॉट असे क्रमांक असतात आणि नोंदी ऑनलाइन पाहता येतात. त्याच ओळीत क्वालिफायरच्या रकान्यात ‘सी’ अक्षरापुढे आकडे दिसले, तर बाहेरून घर कितीही स्वतंत्र दिसो, ते बहुधा कॉन्डो आहे. जाहिरातीत ‘टाऊनहाऊस’ लिहिलेले असते म्हणून हे तपासायचे राहून जाते. खात्री अर्थातच डीड वाचूनच होते. एजंटने तयार केलेल्या खरेदी करारावर या राज्यात ॲटर्नीला तपासणीसाठी कामकाजाचे तीन दिवस मिळतात. त्याच काळात मास्टर डीड, उपनियम आणि असोसिएशनचे अंदाजपत्रक मागून घ्यावे.

पैशाचा हिशेब करताना दोन घरांची मासिक वर्गणी नुसती शेजारी ठेवून निर्णय करू नये. समजा, कॉन्डोची वर्गणी ४५० डॉलर आणि टाऊनहाऊसची १८० डॉलर आहे. पहिल्या रकमेत छप्पर, बाहेरची रंगरंगोटी, बर्फ काढणे, पाणी आणि इमारतीचा विमा येत असेल आणि दुसरीत फक्त रस्ते आणि गवत, तर स्वस्त कोणते, हे छपराचे वय कळेपर्यंत सांगता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे राखीव निधी. तो अपुरा असला की मोठ्या दुरुस्तीच्या वेळी असोसिएशन सर्व मालकांवर विशेष आकारणी लावते आणि ती हजारो डॉलरची असू शकते. फ्लोरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी बारा मजली कॉन्डो इमारतीचा मोठा भाग कोसळून ९८ जण दगावले, तेव्हा तिथल्या रहिवाशांवर दुरुस्तीसाठी सुमारे दीड कोटी डॉलरची आकारणी आधीच मंजूर झालेली होती. त्यानंतर न्यू जर्सीने जानेवारी २०२४ मध्ये कायदा करून असोसिएशनांना राखीव निधीचा अभ्यास बंधनकारक केला. या अभ्यासात पुढच्या ३० वर्षांच्या दुरुस्त्यांचा अंदाज असतो. तो अहवाल मागावाच, आणि त्याबरोबर गेल्या वर्षभरातील बैठकांची इतिवृत्तेही. विक्रेता जे सांगत नाही, ते बहुतेक वेळा इतिवृत्तात असते.

विम्यातही फरक पडतो. कॉन्डोत इमारतीचा विमा असोसिएशन घेते आणि आपण आतल्या भागासाठी व सामानासाठी एचओ-६ प्रकारची पॉलिसी घ्यायची असते. असोसिएशनचा विमा उघड्या भिंतींपर्यंतच आहे की आतली कपाटे आणि फरशीही त्यात येतात, हे विचारून मगच रक्कम ठरवावी. स्वतंत्र टाऊनहाऊसला बहुधा पूर्ण घराची एचओ-३ पॉलिसी लागते आणि तिचा हप्ता साहजिकच जास्त असतो.

कर्जाच्या बाबतीत कॉन्डोला एक पायरी जास्त आहे. बँक आपल्या पगाराबरोबर इमारतीचीही तपासणी करते : थकबाकी किती, निधी किती, खटले आहेत का. शिवाय बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांनुसार १५ वर्षांहून मोठ्या मुदतीच्या कर्जात डाऊन पेमेंट २५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर जोडून बांधलेल्या कॉन्डोसाठी कर्जाच्या ०.७५ टक्के इतका जादा आकार लागतो, म्हणजे चार लाखांच्या कर्जावर तीन हजार डॉलर. बँक तो अनेकदा व्याजदरातच मिसळते, म्हणून दिसत नाही.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी घर भाड्याने देण्याचे नियम विशेष काळजीने वाचावेत. नोकरी बदलून टेक्सासला जावे लागले आणि त्या संकुलात भाड्याने देता येणाऱ्या घरांची मर्यादा आधीच भरलेली असेल, तर प्रतीक्षा यादीत नाव घालून रिकाम्या घराचे हप्ते भरत बसावे लागते. अशी बंधने कॉन्डोत जास्त आढळतात, पण एचओएही ती घालू शकते.

राहिला रोजच्या वावराचा प्रश्न. टाऊनहाऊसमध्ये झोपायच्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यावर असतात आणि खाली पूर्ण न्हाणीघर असतेच असे नाही. भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी येणार असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर लिफ्ट असलेल्या इमारतीतला, सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर असलेला कॉन्डो बरा. उलट कॉन्डोत वरच्या घरातली पावले ऐकू येतात. स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत आतच सोडतो, हे घर पाहतानाच पंखा लावून, हुडच्या वरच्या जाळीपुढे हात धरून तपासावे. तिथून वारा लागला, तर मिरचीच्या फोडणीचा ठसका घरातच राहणार आणि बाहेरच्या भिंतीला भोक पाडून नळी काढायची परवानगी कॉन्डोत सहसा मिळत नाही.