सायकलनं पाडव्याच्या स्वागतयात्रेत उतरताय? या चुका टाळा

डोंबिवलीत 1999 साली गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकारानं पहिली नववर्ष स्वागतयात्रा निघाली. आता ठाणे, गिरगाव अशा कितीतरी ठिकाणी पाडव्याला यात्रा निघते आणि तीत सायकलवाल्यांचं पथकही दिसतं. त्यात पुण्या-नाशिकहून सायकल मारत येणाऱ्यांची फजिती जास्त होते. दीडशे किलोमीटर बिनघोर पार पडतात आणि शेवटच्या दोन किलोमीटरला कुणाला चक्कर येते, कुणाचं उपरणं चेनमध्ये जातं, कुणी बुटाच्या तळाची पेडलला अडकणारी खाच, म्हणजे क्लीट, न सुटल्यामुळे लेझीमवाल्यांच्या पायाशी आडवं होतं. ताशी 20 किलोमीटरसाठी लावलेली सायकल आणि तितक्याच वेगाला सरावलेलं शरीर ताशी 2 किलोमीटरच्या यात्रेत कुचकामी ठरतं. दोघांनाही बदलायला मधे एक संध्याकाळ आणि एक रात्र लागते.

रातोरात येऊन थेट यात्रेत शिरणं

"रात्री नऊला पुण्यातून सुटू, पहाटे डोंबिवलीत" हा बेत कागदावर झकास दिसतो. प्रत्यक्षात खंडाळ्याचा घाट अंधारात, ट्रकच्या गर्दीत उतरावा लागतो आणि सकाळी डोळे मिटत असताना ढोलांसमोर उभं राहावं लागतं. शिवाय पहाटेच रस्ते बंद व्हायला लागतात, फडके रोडचा परिसर माणसांनी फुलतो आणि तिथून सायकल काढणं मुश्कील होतं.

त्यापेक्षा आदल्या दिवशी पहाटे पाचला निघा. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे जुन्या महामार्गानं लोणावळा, मग घाटातून शिंगरोबाच्या देवळावरून खोपोली, पुढे कर्जत, बदलापूर. दुपारी बारा ते साडेतीन सावलीत काढा; मार्चअखेरचं कर्जत-बदलापूरचं ऊन दमट असतं, घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. संध्याकाळी सातपर्यंत डोंबिवली गाठलीत तर सायकल बघायला दीड तास आणि झोपायला सात तास मिळतात.

आता चक्कर का येते ते. पेडल मारताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. तासन् तास चालवून एकदम उतरून स्तब्ध उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून मुक्कामाआधीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या गिअरवर रमतगमत या आणि उतरल्यावर दहा मिनिटं चाला. यात्रेतही पथक अडलं की टाचा वर-खाली करत राहा. कुणाला गरगरलंच तर आडवं झोपवून पाय उंच करा, फेटा आणि कमरेचं सैल करा. पण अंग तापलेलं असेल आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात समजा: 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ओली फडकी टाकून वारा घाला.

पाण्याबद्दल एकच चूक वारंवार होते. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करतात. दुप्पट घट्ट द्रावणानं मळमळतं आणि तहान वाढते. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कैरीचं पन्हं चांगलंच, पण त्यात मीठ हवं. नुसतं गोड पन्हं घामातून गेलेलं मीठ भरून काढत नाही.

रस्त्याची सायकल तशीच यात्रेत नेणं

सायकल मंद चालवणं हे जोरात चालवण्यापेक्षा अवघड आहे, हे बहुतेकांना गर्दीत गेल्यावरच कळतं. वेग नसला की तोल हँडलनं सावरावा लागतो आणि हँडल फार वळलं की भलत्याच गोष्टी घडतात. लहान फ्रेमच्या रोड बाईकवर बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं आणि सायकल जागीच कलंडते. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला तरी तेच. यात्रेत फक्त मागचा ब्रेक, तोही पेडलवर थोडा जोर ठेवून. दुसऱ्याची सायकल घेतली असेल तर मागचा ब्रेक डाव्या हाताला आहे की उजव्या, ते आधी बघा. सगळीकडे सारखं नसतं.

आदल्या संध्याकाळी एवढं उरका:

- क्लीटचे बूट पिशवीत टाका. साधी पेडलं बसवायची तर 15 मिमीचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते सुटायला घड्याळाच्या दिशेनं फिरवावं लागतं. हे न कळल्यामुळे जोर लावून आटे खाल्लेले क्रँक (पेडल बसतं तो दांडा) प्रत्येक मेकॅनिकच्या दुकानात पडलेले असतात. एसपीडी, म्हणजे क्लीट अडकवायची पेडलंच ठेवायची असतील तर 3 मिमीच्या एलन कीनं (षटकोनी चावीनं) दोन्ही बाजूंची पकड अगदी सैल करा.
- सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या, बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकला पाहिजे. मूळ उंचीवर आधी चिकटपट्टीची खूण करा, परतीला गुडघे वाचतील.
- घाट उतरल्यावर ब्रेक तपासा. लिव्हर दाबून हँडलला टेकत असेल किंवा पॅडवरच्या खाचा संपल्या असतील तर पॅड बदला. डिस्क ब्रेक असेल तर चाकाजवळच्या त्याच्या चकतीला उतारानंतर लगेच हात लावू नका, चटका बसतो.
- पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. हँडलच्या मुळाशी खडखड झाली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. सरळ रस्त्यावर जाणवत नाही, मंद वेगात मात्र सायकल डुलते.
- चेन पुसून थेंब थेंब तेल घाला, दहा मिनिटांनी वरचं सगळं कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. तेल कडीच्या आत राहिलं पाहिजे. बाहेर राहिलेलं शेजारच्याच्या पांढऱ्या झब्ब्यावर जातं.

खरं सांगायचं तर गर्दीच्या टप्प्यात सायकल हातात धरून चालणं सगळ्यात चांगलं. चेनची बाजू लोकांकडे येणार नाही अशा बेतानं स्वतः सायकलच्या उजवीकडे चालायचं.

पोशाख

नऊवारी सायकलला सहावारीपेक्षा सोयीची, कारण काष्टा. धोका पदराचा, तो कमरेला खोचून दोन सेफ्टी पिना लावा. धोतराचा उजवा पाय पोटरीवर रबरानं बांधा. उपरणं खांद्यावरून सोडायचं नाही, कमरेला गुंडाळायचं. आणि आदल्या दिवशीची घामट सायकलची चड्डी धोतराखाली घालून यात्रेत फिरू नका, मांड्या सोलवटतात. फेटा की हेल्मेट, हा वाद दरवर्षी होतो: सायकलवर बसलात की हेल्मेट, पायी असलात की फेटा. हेल्मेटवर गुंडाळलेला फेटा कानावर घसरतो आणि मागचं दिसेनासं होतं.

सायकलवरची गुढी आणि झेंडा

हौसेनं आठ-दहा फुटांची काठी बांधतात. ती तोरणांत, केबलच्या वायरींत अडकते आणि वरच्या टोकाला बसलेला हिसका थेट कॅरिअरला पिळतो. जमिनीपासून सात फुटांच्या वर जाऊ नका. काठी पोकळ हवी. पाऊण इंची पीव्हीसी पाइप पुरतो. मागच्या कॅरिअरला आणि सीटखालच्या दांड्याला अशा दोन ठिकाणी, मधे किमान फूटभर अंतर ठेवून बांधायची. केबल टाय नुसता आवळला तर पाइप फिरत राहतो. म्हणून आधी जुन्या ट्यूबचा तुकडा काठीभोवती दोन वेढे घ्यायचा आणि त्यावर टाय आवळायचा. रबर पकड धरतं, रंगही खरवडत नाही. कापडाचं खालचं टोक बसलेल्याच्या डोक्याच्या वर राहिलं पाहिजे, नाहीतर वाऱ्यानं मागच्याच्या तोंडावर येतं.

गुढीला पितळी तांब्या नको. टोकाला अर्धा किलो वजन असलं की प्रत्येक खड्ड्याला काठी झुलते आणि टाय तुटतो. लहानसा हलका कलश, गळ्यात सुतळीचे दोन वेढे घालून काठीला पक्का. साखरेची गाठी उन्हात आणि घामात चिकट होते आणि तिचा पाक ब्रेकच्या लिव्हरवर उतरला की बोटं चिकटतात. ती उंच बांधा, हँडलला अजिबात नको.

रांग

आयोजकांकडे नाव देताना माणसांची संख्या सांगून भागत नाही, जागा सांगा. सायकल हातात धरलेला माणूस सव्वा मीटर रुंदी घेतो. दोघादोघांच्या रांगेत 20 सायकली म्हणजे मधल्या अंतरासकट सुमारे 28 मीटर लांबी. चित्ररथाच्या ट्रकमागची जागा मिळाली तर बदलून मागा: धूर, जनरेटरची उष्णता आणि अचानक ब्रेक. लेझीम पथकाच्या मागे असाल तर पंधरा-वीस फूट सोडा, ती मुलं मागेही पावलं टाकतात. ढोल-ताशात शिट्टी ऐकू येत नाही, त्यामुळे थांबायची खूण हात वर करून मूठ अशी आधीच ठरवा आणि ती मागपर्यंत जाते का ते बघायला शेवटी एक माणूस नेमा. रांगोळीवरून चाक नेणं तर कुणी माफ करत नाही. रस्ताभर संस्कारभारती रांगोळी असेल तर सायकल उचलून कडेनं जा.

यात्रेनंतर

दुपारी एकला श्रीखंड-पुरी खाऊन तीनला परत पुण्याकडे, खोपोलीहून घाट चढत, हा शुद्ध आडमुठेपणा. परतीचा टेम्पो आधी ठरवा. सायकली उभ्या, एकीचं हँडल दुसरीच्या सीटकडे, मधे पुठ्ठे, आतल्या बाजूची पेडलं काढलेली. आडवी ठेवायची झाली तर डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या यंत्राची) बाजू वर. चढवण्याआधी टायर जाड फडक्यानं पुसून घ्या, बोटानं चाचपू नका: तोरणांची तार आणि टाचण्या रबरात रुतलेल्या असतात आणि हवा रात्रभर हळूहळू जाते.