आयसीयूत शुगर सांभाळायला एआय कसं वापरायचं
आधी टार्गेट ठरवा, बहुतेक पेशंटना १४० ते १८० ठीक असतं, उगाच ८०-११० च्या मागे लागू नका, २००९ च्या नाइस-शुगर या आयसीयू पेशंटवरच्या ट्रायलमध्ये तसं केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले होते. मग इन्सुलिनचा डोस सुचवणाऱ्या एआयला नुसता शुगरचा आकडा देऊन भागत नाही, इन्सुलिनचा रेट, फीड (नळीतून दिलं जाणारं अन्न), स्टेरॉइड सगळं वेळच्या वेळी भरायचं, कारण फीड थांबलं आणि सॉफ्टवेअरला कळलंच नाही तर ते जुनाच डोस सुचवत राहणार आणि शुगर धाडकन खाली येणार, मला सगळ्यात भीती याचीच वाटते, बेशुद्ध पेशंट चक्कर येतेय असं सांगू शकत नाही ना. शॉकमध्ये, म्हणजे बीपी खूप पडलेलं असताना, शुगर मोजायला बोटातलं रक्त नको, आर्टरी लाइनचं (धमनीत घातलेल्या नळीतलं) घ्या. ७० च्या खाली गेली की इन्सुलिन बंद, ग्लुकोज द्या, एआय काय म्हणतंय ते नंतर बघा.