युरोपीय डिस्क, अमेरिकन बायोस: माझा अनुभव

माझ्याकडच्या प्लेस्टेशन १ च्या गेम डिस्कची इमेज (फाइलरूपातली प्रत) एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर त्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरू तर व्हायची, पण संगीत धावत सुटायचं आणि मधले व्हिडिओ अडखळायचे. आधी ग्राफिक्सच्या सेटिंग्जवर संशय घेतला. तिथे काहीच नव्हतं.

गोम डिस्कवरच्या क्रमांकात होती. एसएलयूएस म्हणजे अमेरिका, एसएलईएस म्हणजे युरोप, एसएलपीएस म्हणजे जपान. माझी डिस्क एसएलईएस, म्हणजे पाल (युरोपातली टीव्ही पद्धत): सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ५० चित्रं. एम्युलेटरमध्ये मात्र प्रदेश अमेरिका असा पक्का केलेला होता, म्हणजे जवळपास ६०. फ्रेम मोजून चालणारा गेम अशा वेळी सुमारे २० टक्के जोरात पळतो. (उलटंही खरं: त्या काळी कित्येक गेम युरोपात आणताना वेग जुळवलाच नाही, त्यामुळे तिथले खेळाडू संथ गेम खेळले. खरं तर तो आळसच.)

प्रदेश ‘ऑटो’वर टाकला, बायोस (कन्सोल सुरू करणारं त्याचं मूळ सॉफ्टवेअर) अमेरिकन एससीपीएच-५५०१ मॉडेलच्या जागी युरोपीय एससीपीएच-५५०२ चं दिलं, आणि वेग ताळ्यावर आला. स्क्रोल करताना चित्र अजून हिसके देत होतं, कारण मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. तो ५० हर्ट्झवर नेल्यावर तेही थांबलं.

एक सांगून ठेवतो: नंतर त्याच गेमची अमेरिकन आवृत्ती लावलीत, तर जुनी सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) सहसा दिसणार नाही. मेमरी कार्डवरच्या सेव्हच्या नावातच प्रदेश असतो. युरोपचं नाव बीईने सुरू होतं, अमेरिकेचं बीएने.