गाईत भ्रूण सोडताय? या चुका टाळा

निपाणी-चिकोडी पट्ट्यात फिरताना एक तक्रार रोज ऐकतो, "डॉक्टर, भ्रूण लई भारी म्हणत हुता, गाय तर गाभ राहिना." भ्रूण सोडणं म्हणजे दुसऱ्या गाईचा कोवळा गर्भ या गाईच्या गर्भाशयात ठेवणं. भ्रूणाला बोल लावण्याआधी गोठ्यातलं कॅलेंडर दाखवा, एवढंच माझं म्हणणं.

निम्मे घोळ माजाच्या तारखेचे. भ्रूण सात दिवसांचं असतं, तेव्हा ते घेणाऱ्या गाईच्या माजालाही सातच दिवस झालेले हवेत. एक दिवस मागंपुढं चालतो, दोन नाही. वेदगंगेकाठच्या एका अण्णांनी सांगितलं, "सोमवारी माजावर हुती." पुढच्या सोमवारी भ्रूण सोडलं. पीतपिंड, म्हणजे माजानंतर बीजकोशावर येणारी गाठ, हाताला लागला होता, पण तो सात दिवसांचा की नऊ, हे हाताला कळत नाही. बाराव्या दिवशी फोन आला, गाय उलटली, म्हणजे परत माजावर आली. माज साधारण २१ दिवसांनी फिरतो. सात आणि बारा एकोणीसच होतात. मी गाडी काढली. चहा ठेवता ठेवता सूनबाई म्हणाल्या, "शनवारी सांजच्याला दुसरी गाय अंगावर घेऊन गप उभी हुती की." आणि अण्णांनी सोमवारी काय पाहिलं? शेपटीला लागलेलं रक्त. ते माज ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी दिसतं! म्हणजे माज शनिवारचा; नऊ आणि बारा, एकवीस. तेव्हापासून तारीख मी मालकाला विचारत नाही, धार काढणाऱ्या बाईला विचारतो.

दुसरा माझा राग, चार-चार वेळा उलटलेली गाय भ्रूणासाठी पुढं करण्यावर. भरवून राहत नाही, तर महागाचं भ्रूण सोडून बघू, हा लॉटरीचा हिशेब झाला. यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितलेली पोरं यात पुढं. मी एक-दोन वेतांची, वार वेळेवर टाकलेली, अंगानं भरलेली गाय घेतो; दोन महिने आधी जंताचं औषध आणि खनिज मिश्रण सुरू. नाही जमत? मग थांबा.

अथणीकडच्या लहान खिल्लार कालवडीत एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन, मोठ्या अंगाची विलायती जात) भ्रूण नको. वासराचं माप भ्रूणाच्या आईबापावर जातं, विताना अडेल.

माजावर आणायचं इंजेक्शन गाभण तपासल्याशिवाय देऊ नका, आधीचा गाभ पडतो.

भ्रूण सोडल्यावर आठवडाभर गाय टेम्पोत चढवून बाजाराला नेऊ नका. हे सांगावं लागतं, काय बोलायचं!

आणि दहाव्या दिवशी "राहिली का?" म्हणून फोन करू नका. सोनोग्राफीत गाभ दिसायला माजापासून महिना तरी जावा लागतो. मधे गाय उलटली, तर मात्र त्याच दिवशी कळवा, तारीख आणि वेळेसकट.